ऑनलाइन फ्रीनेस मीटर बसवला तर पल्प (कागदाचा लगदा) एकसारखा येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचं 100 टन क्राफ्ट (खोक्यांचा तपकिरी कागद), माल सगळा रद्दीचा. 18 बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद फुटायला किती ताकद लागते त्याचा आकडा) म्हणून काढलेला कागद मधेच 16 ला उतरतो, आणि ऑनलाइन फ्रीनेस मीटर (पल्पातून पाणी किती सहज निथळतं ते चालू लाइनवरच मोजणारा) घेतला तर हे थांबेल का, असं मालक विचारतायत.

थांबू शकेल, पण लगेच ऑर्डर देऊ नका. मी 17 वर्षं क्राफ्ट मिलमध्ये आहे, त्यातली बरीचशी स्टॉक प्रिपरेशनला, म्हणजे मशीनच्या आधी पल्प तयार करायच्या विभागात गेली. फ्रीनेस मीटर आमच्याकडेही आहे. तो उपयोगी पडायला लागला तो आम्ही कन्सिस्टन्सी (पल्पात सुका तंतू किती टक्के) ताळ्यावर आणल्यानंतर. त्याआधी दीड वर्षं तो नुसता पाहुण्यांना दाखवायला होता.

हिशेब करून बघा. समजा तुमच्या डीडीआरची (डबल डिस्क रिफायनर, प्लेटांमध्ये तंतू घासून फुलवणारं यंत्र) मोटर 250 किलोवॅट घेतेय. त्यातले 80 रिकाम्या लोडचे, म्हणजे नुसत्या पाण्यात प्लेटा फिरवण्याचे. तंतूंवर खर्च होतात 170. तासाला 100 घनमीटर पल्प जातोय आणि कन्सिस्टन्सी 4 टक्के आहे, म्हणजे तासाला 4 टन सुका माल. टनाला 42.5 युनिट पडली. आता कन्सिस्टन्सी गुपचूप 3.6 वर आली. मोटरचे ॲम्पिअर तेच, ऑपरेटर निवांत, पण टनाला 47 च्या वर युनिट लागतायत. शिवाय पातळ पल्पात प्लेटा जास्त जवळ येतात आणि तंतू फुलायच्या ऐवजी तुटतात. फाइन्स (तंतूंचा बारीक चुरा) वाढले की वायरवर, म्हणजे मशीनच्या जाळीवर पाणी सुटत नाही, काऊचला (जाळीच्या शेवटी) कागद ओला राहतो आणि मशीनवाला स्पीड कमी करून स्टॉक प्रिपरेशनला शिव्या घालतो. प्रेसनंतरचा सुकेपणा 1 टक्का घसरला की ड्रायरला साधारण 4 टक्के वाफ जास्त लागते, ती वेगळीच.

लॅब हे पकडेल असं वाटतं, पण तीही याच जाळ्यात अडकलेली असते. एसआर (पल्प पाणी किती धरून ठेवतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे निथळणं हळू) काढताना लॅबवाला 2 ग्रॅम सुका तंतू धरून 1 लिटर पातळ पल्प करतो आणि बाजूच्या नळीतून आलेलं पाणी मोजतो. 600 मिली आलं तर 40 एसआर. पण ते 2 ग्रॅम त्याने कशावरून धरले? कन्सिस्टन्सीच्या आकड्यावरून. तो आकडा सकाळचा असेल तर भांड्यात 2.2 ग्रॅमही असू शकतात, आणि मग एसआर उगाच चढा दिसतो. त्यात सॅम्पल दोन तासांनी एकदा. चेस्टमधला (पल्पाच्या टाकीतला) पल्प अर्ध्या तासात बदलतो, म्हणजे रिपोर्ट येतो तेव्हा त्या पल्पाचा रीळ होऊन गेलेला असतो.

म्हणून पहिला पैसा कन्सिस्टन्सी ट्रान्समीटरवर, म्हणजे ती सतत मोजणाऱ्या सेन्सरवर घाला. ब्लेडचा स्वस्त पडतो, पण तो तंतूंचा विरोध मोजतो. पल्परमध्ये लांब तंतूंची अमेरिकन ओसीसी (जुनी खोकी) जास्त पडली की तो कन्सिस्टन्सी वाढली म्हणतो, आणि चार वेळा फिरून आलेली देशी रद्दी आली की कमी झाली म्हणतो. तुमचा माल रोज बदलत असेल तर मायक्रोवेव्हचा बघा. त्याला तंतूंच्या जातीचा फारसा फरक पडत नाही. हवा मात्र चालत नाही, पल्पात बुडबुडे असतील तर आकडे नाचतात. डायल्यूशनचं (पल्प पातळ करायचं) पाणी पंपाच्या सक्शनला द्या आणि ट्रान्समीटर पंपाच्या पुढे सरळ पाइपवर बसवा.

आणि पाण्याचं प्रेशर बघा. आमच्याकडे शिफ्ट बदलताना कन्सिस्टन्सी न चुकता उसळायची. कंट्रोल व्हॉल्व्ह उघडून पाहिला, ट्यूनिंग बदललं, ट्रान्समीटरवाल्याला दोनदा बोलावलं. तीन आठवड्यांनी कळलं की शिफ्ट संपवताना पोरं ज्या होजने फ्लोअर धुतात तो डायल्यूशनच्याच बॅकवॉटर हेडरवर (मशीनवरून परत येणाऱ्या पाण्याच्या मुख्य पाइपवर) होता.

हे झालं की रिफायनर ॲम्पिअरवर न चालवता टनाला किती युनिट यावर चालवा. मोटर लोड, फ्लो आणि कन्सिस्टन्सी, तिन्ही आकडे हाताशी असतातच. बीएफची बरीचशी चढउतार इथेच बसेल.

मग फ्रीनेस मीटर. तो दर काही मिनिटांनी स्वतः सॅम्पल ओढतो, पातळ करतो आणि जाळीतून पाणी किती वेगाने निथळतं ते बघतो. लॅबची टेस्ट 20 अंशांना होते आणि आपलं बॅकवॉटर 45-50 अंशांचं. गरम पाणी भराभर निथळतं, त्यामुळे तापमानाची दुरुस्ती चालू आहे ना, हे बसवणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा.

रद्दीच्या मिलमध्ये खरा शत्रू चिकटा. एका रात्री आमचा मीटर 36 वरून चढत चढत 43 एसआरला गेला. लूप (मीटरचा आकडा बघून रिफायनरचा लोड आपोआप बदलणारा कंट्रोल) ऑटोवर होता, त्याने इमानदारीत रिफायनरचा लोड काढत नेला. सकाळी सगळे रीळ 16 बीएफचे. मीटर उघडून जाळीवर बोट फिरवलं तर च्युइंगमसारखं हाताला आलं, खोक्यांवरच्या टेपचा गोंद. पल्प बिचारा मुळात 35 चाच होता, पाणी अडत होतं ते जाळीत. तेव्हापासून दर शिफ्टला गरम कॉस्टिकने जाळी धुतो, आणि मीटर व लॅबमध्ये 3 एसआरपेक्षा जास्त फरक आला की लूप मॅन्युअलवर जातो. लूपला रिफायनरचा लोड एका मर्यादेपलीकडे हलवताच येत नाही, तेही तेव्हापासूनच.

ऑर्डर देण्याआधी आठवडाभराचा ट्रेंड काढा: मोटर लोड, फ्लो, कन्सिस्टन्सी, आणि त्याखाली त्या त्या वेळच्या रिळाचा बीएफ. इथे टाकलात तर बघून सांगतो.