आनुवंशिक, जन्मजात, जनुकीय: आणि मधे एक बांबू

प्रश्न : बातम्यांत सर्रास 'अनुवांशिक आजार' असं येतं. हे बरोबर आहे का? आणि मधुमेहाला जन्मजात म्हणावं की आनुवंशिक?

उत्तर : 'अनुवांशिक' साफ चूक. अनुवंशाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ', म्हणून आनुवंशिक. 'समाज'चं 'सामाजिक' करताना कोणी अडखळत नाही, इथेच मधला स्वर ताणायची हौस का येते कोण जाणे. 'पारलौकिक'मध्ये नाही का दोन्ही पदांची वृद्धी होत, असा बचाव करणारे विद्वानही भेटतात. होते ना! पण तिथे 'प'चा 'पा' झालेला आहे. त्यांच्या न्यायाने फार तर 'आनुवांशिक' निघेल. 'अनुवांशिक'ला वाली नाहीच.

जन्मजात म्हणजे जन्मतः असलेलं, एवढंच. गरोदरपणी आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं, हे ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये मांडलं. तो मोतीबिंदू जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या हंटिंग्टनच्या आजाराचं नेमकं उलटं : पक्का आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशी उलटल्यावर.

मला खरी गोडी 'वंश'ची. वंश म्हणजे मुळात बांबू. ऋग्वेदात (१.१०.१) स्तोते इंद्राला 'वंशासारखं' उंच उभारतात, तिथे अर्थ खांब किंवा काठी. त्याच बांबूची बासरी ती वंशी, पाठीचा कणा तो पृष्ठवंश, आणि छपराचा वासा हाही त्याचाच. हो, घर फिरलं की जे फिरतात ते वासे! पेरावर पेर चढावं तशी पिढीवर पिढी, इतकं उघड असताना जुन्या परंपरेत 'वंश' हा 'वम्' धातूपासून, म्हणजे ओकण्यापासून काढलेला आढळतो. खापरपणजोबांनी आपल्याला ओकलं म्हणे. ज्यांना पटतं त्यांना लखलाभ.

पण याहून मजा पुढे आहे. बृहदारण्यक उपनिषदात तीन ठिकाणी 'वंश' येतो आणि तिन्ही ठिकाणी तो गुरुपरंपरेचा : कोणाला विद्या कोणाकडून मिळाली, त्याची यादी. शेवटच्या यादीत तर नावं आयांवरून आहेत, पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र अशी. माझं ठाम मत असं की 'वंश' हा शब्द पूर्वीपासून रक्ताइतकाच सहवासालाही धरून आहे. 'आमच्या घराण्यातच मधुमेह आहे' म्हणताना आपणही हेच करतो. घराण्यातून जनुकं येतात, तशाच खाण्याच्या सवयी, झोपेच्या वेळा आणि बैठी कामंही येतात.

म्हणून 'आनुवंशिक' काढा आणि सगळीकडे 'जनुकीय' घाला, हा काही परिभाषाकारांचा आग्रह मला मान्य नाही. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सेन यांनी 'जीन' हा शब्द १९०९ मध्ये रूढ केला, आपलं 'जनुक' त्यानंतरचं. दोन्हींचं नातं 'जन्' धातूच्या कुळाशी, हे छानच. पण 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' यांचे अर्थ वेगळे. कर्करोगाच्या पेशीत आयुष्यभरात झालेले बदल जनुकीय असतात. ते मुलांकडे जात नाहीत, म्हणून आनुवंशिक नव्हेत.

आनुवंशिक म्हणजे अटळ, हा तर निव्वळ अडाणीपणा. फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार घ्या. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं की फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट हाताळता येत नाही, ते साठतं आणि मेंदूची हानी करतं. जन्मानंतर लगेच ओळखून आहारातलं त्याचं प्रमाण काटेकोर ठेवलं तर मूल नीट वाढतं. जनुक तेच, फक्त ताट बदललं.

हां, मधुमेह राहिलाच. जन्मजात तर म्हणू नकाच. नेहमी दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात (टाइप २) अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो आणि वजन, हालचाल, आहार यांचाही. त्यामुळे 'आनुवंशिक कल असलेला' म्हणा. लांबलचक आहे, पण मथळ्यात मावत नाही म्हणून अर्थ कापायचा नसतो.