नावाआधी श्री., डॉ. आणि नावामागे राव, जी लावताना टिंब, जागा, स्वल्पविराम कुठे द्यायचा?

टिंबाचं आधी सांगतो. शब्द तोडला की टिंब: डॉ., प्रा., ॲड., सौ., कु., ह.भ.प. श्रीमती पूर्ण शब्द, त्याला टिंब नको. राव, जी, पंत, बाई नावाला जोडूनच, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नावात पाहा, राव सलग आहे. पदवी आडनावानंतर स्वल्पविराम देऊन. आधी डॉ. लिहिलं असेल तर मागे पुन्हा पीएच.डी. कशाला?

टिंब चुकलं तर कोणाचं काही बिघडत नाही, भाऊ. 'जी'नं मात्र आमचा एक हंगाम खाल्ला. वऱ्हाडात माणूस वयात आला की नावाला राव लागतो, पिकला की त्यावर जी. बाबांचं नाव सातबाऱ्यावर महादेवरावजी, आधारवर महादेव, पासबुकावर महादेवराव, मृत्यूच्या दाखल्यावर श्री. महादेवजी. तेरवी आटोपून वारसाच्या फेरफारासाठी पटवाऱ्याकडे गेलो. त्यानं चारही कागद टेबलावर ओळीनं मांडले, एकेका नावाखाली पेन्सिलनं रेघ ओढली आणि विचारलं, "यातले तुमचे वडील कोणते?"

जिव्हारी लागलं ते. ज्या माणसानं उभा जन्म त्या वावरात काढला, त्याचंच ते वावर आहे हे आम्ही स्टॅम्पपेपरवर, साक्षीदार धरून सिद्ध केलं. तोवर पीककर्ज अडलं, पेरणी उसनवारीवर झाली.

हे बाबा असतानाच दुरुस्त करा म्हणून मी घरात भांडलो होतो. काका आडवे आले. "जी काढला तं बुढ्याची इज्जत काढल्यासारखं होते," म्हणाले. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: मान तोंडानं द्या, पत्रिकेत द्या, समाधीच्या दगडावर कोरा. सरकारी कागदावर उघडं नाव. आधारच्या नावात तर श्री., डॉ. चालतच नाही.

पत्रिकेचं म्हणाल तर गेलेल्या माणसाला कै. किंवा स्व. लावतात, पण बौद्ध घरांत कालकथित लिहितात आणि हयात माणसाला आयु., म्हणजे आयुष्मान, लावतात. ज्यांचं घर त्यांना विचारून लिहा, आपल्या मनानं ठोकून देऊ नका.

हो, राव जन्मनोंदीतच असेल तर तो नावाचाच भाग, मग सगळीकडे ठेवा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव अशा क्रमानं येतं. सातबाऱ्यावरचा हस्तदोष, म्हणजे लिहिताना झालेली चूक, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करून दुरुस्त होतो.

काका अजून हेका सोडत नाहीत. त्यांच्याही सातबाऱ्यावर रावजी आहे आणि आधारवर नुसतं नाव. त्यांच्या पोरांना मी प्रत्येक भेटीत सांगतो, बुढा धडधाकट आहे, स्वतः तहसीलीत येऊन सही करू शकते, तोवरच हे काम उरकून घ्या.