वीसवरून पाचवर आलो, मग अडतंय कुठे?

व्हेपिंगबद्दलची, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याबद्दलची, पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरं आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहेत. जो ओढतच नाही, त्याने व्हेपच्या वाटेला जायचं काही कारण नाही. दुसरं असं, की भारतासह अनेक देशांत ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि आयातीवर कायद्याने बंदी आहे, भारतात २०१९पासून. अशा ठिकाणी चोरून मिळणाऱ्या मालात निकोटीन किती आणि बाकी काय काय, याचा कुणी जबाबदार नसतो. तिथल्या वाचकांनी थेट निकोटीनची गम आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) यांचं उत्तर गाठावं.

प्रश्न : रोज वीस सिगारेटी ओढायचो. व्हेप घेतल्यापासून पाचवर आलो, पण गेले तीन महिने गाडी तिथेच अडली आहे. तरी धोका पाव झाला, असं समजायला हरकत नाही ना?

हरकत आहे. कर्करोगाच्या बाबतीत किती ओढता आणि किती वर्षं ओढता या दोन्हींचा हिशोब लागतो, त्यामुळे तिथे थोडा फायदा धरता येईल. हृदयाचा हिशोब तसा चालत नाही. रक्त गोठण्याची प्रवृत्ती आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर थोड्याशा धुरानेही बिघडतं. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात असं दिसलं, की दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा एकाच सिगारेटीने वाढतो. म्हणजे वीसवरून पाचवर येण्यात तुम्ही मेहनत बरीच केलीत, पण हृदयाच्या दृष्टीने मोठी कमाई शेवटच्या पाचांत अडकलेली आहे. शिवाय सिगारेटी कमी झाल्या की माणूस नकळत एकेक झुरका खोल घेतो, धूर जास्त वेळ आत धरतो आणि थोटूक फिल्टरपर्यंत संपवतो.

आता या पाच कोणत्या, ते बघा. दोन दिवस फक्त वेळ आणि प्रसंग लिहून काढा. बहुतेकांची यादी सारखीच निघते : उठल्याउठल्या, जेवणानंतर, चहा-कॉफीबरोबर, कामातल्या ताणानंतर आणि झोपण्याआधी. यात सगळ्यात चिवट सकाळची. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर ते तळाला गेलेलं असतं. सिगारेटीतलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. व्हेपला, विशेषतः लहान उपकरणाला, तेवढा वेग नसतो. दोन-चार कश घेऊन ‘काही होत नाही’ म्हणत हात पाकिटाकडे जातो.

म्हणून रात्री झोपण्याआधीच बॅटरी भरा, टँक (ज्याची वाफ होते त्या लिक्विडची टाकी) भरा आणि उपकरण हाताशी ठेवा. सकाळी दहा-पंधरा मिनिटं सावकाश, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने कश घ्या. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचा पॅच जोडा. पॅच तळ राखतो, व्हेप अचानक आलेली तलफ भागवते. ही जोडी सकाळच्या सिगारेटीवर चांगली चालते.

पाचाच्या चार, चाराच्या तीन असं मोजत बसू नका. जितकी कमी उरते तितकी ती मौल्यवान वाटायला लागते. दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी पाचही बंद. पाकीट, लायटर, राखदाणी घराबाहेर. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून ठेवलेलं अर्धं पाकीट त्याच आठवड्यात संपतं, हे जवळजवळ ठरलेलं.

काम झालं की नाही हे मोजताही येतं. व्यसनमुक्ती केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं. हा वायू जळण्यातून येतो, वाफेतून जवळजवळ नाही. शेवटच्या सिगारेटीनंतर एक-दोन दिवसांत आकडा न ओढणाऱ्याइतका खाली येतो. व्हेप चालू असताना आकडा चढा राहिला, तर धूर कुठून तरी चालू आहे.

प्रश्न : कमी निकोटीन म्हणजे कमी नुकसान, म्हणून ३ मिलिग्रॅमचं लिक्विड घेतलं. दिवसभर तोंडात नळी असते, तरी संध्याकाळी सिगारेट लागतेच.

ही फार सर्रास होणारी चूक आहे. माणसाला गुंतवतं ते निकोटीन. फुफ्फुसाची आणि हृदयाची खरी नासाडी करतो तो जळालेल्या तंबाखूचा धूर, म्हणजे टार आणि कार्बन मोनॉक्साइड. निकोटीन निरुपद्रवी नाही, नाडी आणि रक्तदाब ते वाढवतंच. पण धुराची जागा घ्यायची असेल तर ते पुरेसं मिळालंच पाहिजे.

हिशोब करून बघा. एका सिगारेटीतून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीन जातं. वीस सिगारेटी म्हणजे २० ते ३० मिलिग्रॅम. लहान उपकरणात दिवसाला २-३ मिलिलिटर लिक्विड संपतं. तुमच्या बाटलीवर ३ मिलिग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३. दिवसभर ओढून जास्तीत जास्त ६ ते ९ मिलिग्रॅम, आणि तेही सगळं शरीरात शिरत नाही. संध्याकाळी तलफ येणारच.

दिवसाला वीसच्या आसपास ओढणाऱ्याने १८ ते २० पासून, दहाच्या आसपास ओढणाऱ्याने १० ते १२ पासून सुरुवात करावी. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये २० हीच कायदेशीर मर्यादा आहे. लेबलवर टक्के लिहिले असतील तर दहाने गुणा : २ टक्के म्हणजे २० मिलिग्रॅम, ५ टक्के म्हणजे ५०. ‘नुसतं पाच लिहिलंय’ असं समजून ५० ओढणारे आहेत.

१८ चं साधं लिक्विड घशाला चांगलंच लागतं. ते सोसत नसेल तर त्याच ताकदीचं निकोटीन सॉल्ट घ्या. आम्ल मिसळल्यामुळे ते घशाला मऊ जातं. मळमळ, उचकी, डोकं हलकं होणं, घाम ही जास्त झाल्याची खूण. लागलीच बाजूला ठेवा, तासाभरात ओसरतं. आणि कॉइल (लिक्विड तापवणारा तारेचा भाग) ०.५ ओहमच्या खालची, ढगच्या ढग सोडणारी असेल तर त्यात २० चं लिक्विड कधीच भरू नका. त्या एका कशात वाफ कितीतरी पट येते. हे आकडे फक्त ०.८ ते १.२ ओहमच्या, सिगारेटीसारखं आधी तोंडात आणि मग छातीत ओढायच्या उपकरणांसाठी आहेत.

प्रश्न : नवी कॉइल लावली की दुसऱ्या दिवशीच जळकी चव आणि खोकला. माल खराब की माझं काही चुकतंय?

कॉइल काढून बघा. मधल्या तारेभोवती पांढरा कापूस असतो. तो एका बाजूला काळा-तपकिरी पडला असेल, तर कोरड्या कापसावर तार तापली. जळलेला कापूस कशानेच सुधारत नाही, तशी कॉइल फेकूनच द्या. आणि ती जळकी चव सहन करत ओढू नका. कोरड्या कॉइलवर लिक्विडमधली द्रव्यं फुटून फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी वायू तयार होतात.

नवी कॉइल बसवायची ती अशी. बाजूच्या छिद्रांतून दिसणाऱ्या कापसावर प्रत्येकी एक-दोन थेंब आणि मधून दोन-तीन थेंब लिक्विड सोडा. कॉइल घट्ट बसवून टँक भरा, अगदी काठोकाठ नको. उपकरण दहा मिनिटं उभं ठेवा. मग बटण न दाबता तीन-चार हलके कश घ्या, म्हणजे लिक्विड कापसात ओढलं जातं. कॉइलवर वॅटची मर्यादा कोरलेली असते, उदाहरणार्थ १० ते १४. सुरुवात खालच्या आकड्यापासून.

तरी जळत असेल तर लिक्विडचा दाटपणा बघा. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ आणि ग्लिसरीन दाट. ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड लहान कॉइलच्या बारीक छिद्रांतून वेळेत झिरपत नाही. अशा कॉइलला निम्मं-निम्मं प्रमाण ठीक. फार गोड स्वादांतली साखरेची पर्यायी द्रव्यं तारेवर करपून थर धरतात. एरवी आठवडा-दोन आठवडे चालणारी कॉइल त्यात तीन-चार दिवसांत जाते.

खोकल्याचं कारण बहुधा तुमची ओढण्याची पद्धत. सिगारेटीचा झुरका छोटा आणि जोरकस असतो. व्हेपचा कश तीन-चार सेकंद, हळू. जोरात ओढलं की लिक्विड नळीत चढतं, गुडगुड आवाज येतो आणि गरम थेंब घशात उडतो. सुरुवातीच्या दिवसांत घसा कोरडा पडणंही नेहमीचं, कारण ही दोन्ही द्रव्यं पाणी शोषतात. पाणी पीत राहा. छातीत दुखणं, दम लागणं किंवा ताप असेल तर मात्र ओढणं थांबवून डॉक्टरांकडे.

प्रश्न : व्हेपमुळे अमेरिकेत तरुणांची फुफ्फुसं निकामी झाली ना? मग सिगारेट काय वाईट?

ती साथ २०१९ची. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ दगावले. बहुतेकांनी गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याची बेकायदा काडतुसं ओढली होती आणि त्यांत दाटपणासाठी व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. त्यातून घ्यायचा धडा असा : अनोळखी काडतूस नको, घरी कालवलेलं लिक्विड नको, कोणतंही तेल तर नकोच. यावरून व्हेप निर्धोक ठरत नाही. ती चाळीस वर्षं ओढलेली पिढी अजून नाही. तुलना सिगारेटीशी आहे, आणि सिगारेटीपेक्षा वाईट काही सापडणं कठीण.

प्रश्न : घरात दोन वर्षांचं मूल आहे. काय जपायचं?

लिक्विडची बाटली औषधासारखी कुलपात. थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलाला ते विष आहे. मुलाला उलटी, लाळ, घाम, सुस्ती दिसली तर वाट न बघता रुग्णालयात, बाटली बरोबर घेऊन. अंगावर सांडलं तर साबणाने धुवा. सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात नको, वरचं प्लास्टिक फाटलेली वापरायची नाही आणि झोपताना चार्जिंगला लावायची नाही.

प्रश्न : आमच्याकडे व्हेपवर बंदी आहे. निकोटीन गम घेतली, पण तोंड चुरचुरतं, उचक्या लागतात आणि तलफ तशीच.

तुम्ही ती साधी च्युइंगम समजून चघळत आहात. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. सतत चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथे उचक्या-जळजळ करतं आणि उरलेलं बरंचसं यकृतात नष्ट होतं. आठ-दहा वेळा सावकाश चावा, तिखट झिणझिणी आली की थांबा, गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या बाजूला. एक गम अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत बंद. आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची, नाहीतर २ ची. तलफेची वाट न बघता सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसात चोवीसपेक्षा जास्त नाही. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यासाठी पॅचचा नेहमीचा क्रम २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, १४ दोन आठवडे, ७ दोन आठवडे. रोज कमरेच्या वर, कोरड्या, केस नसलेल्या नव्या जागी लावा. विचित्र स्वप्नं पडली तर रात्री काढा. पॅच आणि गम मिळून दोन्हींपैकी एकट्यापेक्षा जास्त चालतात. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल तर आधी डॉक्टर.

प्रश्न : पूर्ण व्हेपवर आलो आणि झोप उडाली, छातीत धडधड. निकोटीन जास्त होतंय का? कॉफी पूर्वीसारखीच, पाच कप.

दोष बहुधा कॉफीचा. धुरातली काही रसायनं कॅफीन पचवणाऱ्या एन्झाइमला जोर देतात. निकोटीन तसं करत नाही. धूर थांबला की तो जोर ओसरतो आणि तेवढ्याच कपांतून रक्तातलं कॅफीन दुपटीच्या वर जाऊ शकतं. कॉफी निम्मी करा, दुपारनंतर बंद. तरी धडधड राहिली तर तपासून घ्या.

हाच एन्झाइम मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यावरचं थिओफिलिन पचवतो. यांपैकी काही चालू असेल तर सिगारेट सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागते. मधुमेहींनी साखर जास्त वेळा मोजावी. इन्सुलिन कमी लागू शकतं.

प्रश्न : सहा महिने एकही सिगारेट नाही. आता व्हेप कशी सोडू?

सुटेल, पण आपोआप नाही. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत वर्षाअखेर सिगारेट सुटलेले व्हेपच्या गटात १८ टक्के होते, गम-पॅचच्या गटात १० च्या आसपास. मात्र व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढतच होते.

२० वरून १२, मग ६, मग ३, प्रत्येक पायरीला तीन-चार आठवडे. दर आठवड्याला किती मिलिलिटर संपलं ते लिहा. ताकद निम्मी केली आणि बाटली दुपटीने संपली, तर काहीच उतरलेलं नाही. मागच्या पायरीवर थोडं थांबा. बरोबरीने जागा कमी करा : आधी अंथरुणात नाही, मग गाडीत नाही, मग कामाच्या टेबलावर नाही. मध्येच सिगारेटीची ओढ लागली तर ताकद पुन्हा वाढवा. ६ वरून १२ वर गेलात तर फार बिघडत नाही, पाकिटाकडे गेलात तर बिघडतं.