उंचीचं नंतर बघू, आधी तिची मान सांभाळा

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लेकीची उंची वाढावी म्हणून आत्तापासून काय करता येईल, आणि सासूबाई म्हणतात तशी जोरकस मालिश सुरू करावी का. मालिशचं आधी सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. तिला अकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे हाडांची वाढ कमी होऊन हातपाय आखूड आणि उंची कमी राहण्याची जन्मजात अवस्था, आहे हे पक्कं झालंय आणि ती चार महिन्यांची आहे. तेल लावून हलक्या हाताने चोळायला काहीच हरकत नाही. पण आपल्याकडे अंघोळ घालणाऱ्या बायका बाळाला पायांना धरून उलटं करतात, दंडांना धरून झुलवतात, हातपाय ओढतात. यातलं काहीही होऊ देऊ नका. घरात वाईटपणा आला तरी चालेल.

कवटीच्या तळाला जिथून मज्जारज्जू पाठीत उतरतो, ते छिद्र या मुलांमध्ये अरुंद असतं. त्यात डोकं मोठं आणि मानेत अजून जोर नाही. हिसका बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, आणि श्वास चालू ठेवणारी केंद्रं अगदी तिथेच वर असतात. पहिल्या दोन वर्षांतला खरा धोका हा आहे. म्हणून डॉक्टरांना स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर यंत्रावर तपासण्याबद्दल, स्पष्ट विचारा. ती पहिल्या वर्षातच व्हायला हवी, आणि मानेचा एमआरआय कधी करायचा तेही ठरवून घ्या. रात्री तिच्याजवळ बसून बघा: झोपेत श्वास मध्येच थांबतो का, मान सारखी मागे टाकून झोपते का, खूप घाम येतो का, दूध ओढताना दमते का, अंग नेहमीपेक्षा सैल वाटतं का. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. श्वास थांबून ओठ निळे पडले तर तडक दवाखाना. पुढे कुठल्याही ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आधी सांगायचं, हेही लक्षात असू द्या.

मानेनंतर पाठ. कापडाच्या झोळीत पाठीची कमान होते आणि हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोळी नको. सपाट, टणक गादी चांगली. उशा लावून लवकर बसवायची घाई अजिबात करू नका, कारण पाठीचा कणा कमरेच्या वर बाहेर येतो आणि काही मुलांमध्ये तो बाक कायमचा राहतो. संक्रांतीला बोरन्हाण जरूर करा, फक्त तिला मांडीवर मागे रेलून घ्या आणि पाठीला तुमचा पूर्ण हात असू द्या. जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, पोटावर ठेवत जा. माझ्या मुलालाही हेच आहे, तो डोकं जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून, पायांनी स्वतःला पुढे रेटायचा. बघणारे घाबरायचे, पण ही मुलं अशीच सरकतात. चालायलाही बऱ्याचदा दीड-दोन वर्षं लागतात.

डोक्याचा घेर दर भेटीला मोजून घ्या, पण अकॉन्ड्रोप्लेशियाच्या मुलांसाठी जो वेगळा तक्ता असतो त्यावर. साध्या तक्त्यावर तिचं डोकं कायम मोठंच दिसेल. टाळू फुगली, उलट्या सुरू झाल्या किंवा घेर एकदम वाढला, तर डोक्यात पाणी साचत नाहीये ना ते बघावं लागतं. कान वारंवार फुटतात, त्यामुळे बोलणं उशिरा आलं तर आधी ऐकू येतंय का ते तपासा.

आता उंची. या प्रकारात प्रौढ पुरुषांची सरासरी साधारण १३१ सेंटीमीटर, बायकांची १२४. कुठलीही पावडर, काढा, लटकण्याचा व्यायाम यात फरक करत नाही, त्यात पैसे घालू नका. वाढीच्या हॉर्मोनच्या इंजेक्शनाचाही टिकाऊ फायदा फारसा नाही. व्होसोरिटाइड नावाचं औषध मात्र नेमकं याच दोषावर काम करतं. २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोज त्वचेखाली टोचायचं असतं, आणि चाचणीत वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटरच्या आसपास जास्त वाढ दिसली. महाग आहे. जनुकतज्ज्ञांशी बोलून निवांत ठरवा, हा निर्णय या महिन्यात घ्यायचा नाहीये.

तुम्ही लिहिलंय की ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं असं कुणीतरी म्हणालं. ताई, हे मनातून काढून टाका. एफजीएफआर३ या जनुकात आपसूक झालेला एक बदल, एवढंच कारण आहे. सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचेच असतात. तुमच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा, कुणाच्या पायगुणाचा काडीचाही संबंध नाही. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो, आमच्याकडे पडला.

पुढचं एकच आत्ता सांगते, कारण त्याची सवय घरापासून लागते. तिला उंचीप्रमाणे नाही, वयाप्रमाणे वागवायचं. माझा मुलगा आता आठवीत आहे. दुकानदार त्याला अजूनही "बाळा, आई कुठंय?" विचारतात, पाहुणे न विचारता उचलून घेतात. आम्ही पहिल्यापासून सांगत आलो, उचलायचं नाही, विचारायचं. भांडी खालच्या फळीवर, बेसिनपाशी पक्कं स्टूल, दाराला खाली दुसरी कडी, संडासात हाताशी येईल असा जेट. हात आखूड असल्याने शी धुण्याची अडचण खरी असते आणि मुलं शाळेत लाजून ती सांगत नाहीत, शाळेतला संडास स्वतः जाऊन बघा. वर्गात बाकावर पाय लोंबकळले की पाठ दुखते, पायांना मुंग्या येतात. पायाखाली पाट आणि पाठीमागे उशी मागून घ्या. आणि स्नेहसंमेलनात दरवर्षी हसवणाऱ्या बुटक्याचंच काम देत असतील तर शिक्षकांना स्पष्ट नाही म्हणा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अवस्था स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. ४० टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत आरक्षण लागू होतं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. लहानपणी बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, ते मुदतीआधी नवं करून घ्यायला विसरू नका. निदानाची मूळ कागदपत्रं एका फायलीत ठेवा आणि कुठेही फक्त झेरॉक्सच द्या. स्लीप स्टडीची तारीख मिळाली की कळवा. आदल्या रात्री तिला कसं झोपवायचं, सोबत काय न्यायचं, ते सविस्तर लिहीन.