फ्लॅटमधला फोटो स्टुडिओ आणि महापालिकेची नोटीस: खुलासा दिलात, अर्ज कुठंय?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईबाहेरचं शहर, तळमजल्यावरचा टू बीएचके आईच्या नावावर, त्यात 2021 पासून फोटो स्टुडिओ चालतो. हॉलमध्ये बॅकड्रॉप आणि लाईट, आतल्या खोलीत एडिटिंग, हाताखाली दोन पोरं. पासपोर्ट फोटो, बेबी शूट, लग्नाचे अल्बम. सोसायटीतल्याच कोणीतरी तक्रार केली आणि महापालिकेची एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस आली, की निवासी जागेचा विनापरवानगी व्यापारी वापर बंद करा, मुदत एक महिना. नोटिशीवर तारीख 3, आईंनी सही करून घेतली 9 तारखेला. स्टुडिओ चालवणाऱ्यांनी वॉर्ड ऑफिसला जाऊन साध्या कागदावर खुलासा दिला, सोबत शॉप ॲक्ट, उद्यम (छोट्या उद्योगाची नोंदणी), जीएसटी, पीटीईसी (व्यवसाय कराची नोंदणी) सगळ्याच्या झेरॉक्स, आणि मला मेल केला 27 तारखेला. विचारतायत की "सर, माझा नेमका कुठला परवाना राहिलाय, आणि कोर्टातून स्टे मिळेल का?"

हाच प्रश्न पार्लरवाल्या ताई विचारतात, क्लासवाले सर विचारतात, केक करणाऱ्या विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे परवाना शोधत बसू नका. तुम्ही जोडलेल्या गठ्ठ्यातल्या एकाही कागदाचा या नोटिशीशी संबंध नाही. शॉप ॲक्ट, ज्याला तुम्ही अजून गुमास्ता लायसन म्हणताय, ते लायसन कधीच नव्हतं. 2017 च्या कायद्यात तुमच्यासारखे थोडेच कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तुम्हीच माहिती भरली, तुम्हीच कागद अपलोड केले आणि पावती निघाली. जागा बघायला कोणी आलं नव्हतं. उद्यमचं तसंच. जीएसटीने कर घेतला, पीटीईसीने वर्षाला 2500 घेतले, त्यांना पैशाशी मतलब, तुमचा हॉल मंजूर नकाशात हॉल आहे का दुकान हे बघणं त्यांचं काम नाही.

नोटीस वापराबद्दल आहे. एमआरटीपीत कलम 2(7) मध्ये 'विकास' कशाला म्हणायचं ते दिलंय आणि त्यात इमारतीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. म्हणजे एक वीटही न हलवता राहायच्या जागेत स्टुडिओ टाकला तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही विकास केलात, आणि तो परवानगीशिवाय. यावर "मी बांधकाम काहीच केलेलं नाही" हा जो तुमच्या खुलाशातला पहिला मुद्दा आहे तो तिथेच संपतो. दुसरा मुद्दा "चार वर्षं कोणी हरकत घेतली नाही", तो तर लिहायलाच नको होता. 17 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने मेरठच्या एका प्रकरणात, निवासी प्लॉटवर दुकानं काढली होती ते प्रकरण, स्पष्ट सांगितलंय की किती वर्षं चाललंय, किती पैसे घातलेत, अधिकारी इतके दिवस झोपले होते, यातल्या कशानेही बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. आणि तिसरा मुद्दा "लागेल तो दंड भरायला तयार आहे", म्हणजे आपणच कबूल करून मोकळे. असो, झालं ते झालं.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते वाचा, आणि दोनदा वाचा. कलम 53 पोटकलम 3. ज्याला अशी नोटीस आलीय त्याने नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करायचा, बांधकाम असेल तर ते राहू द्या म्हणून आणि वापर असेल तर तो चालू ठेवू द्या म्हणून. असा अर्ज केला की त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत किंवा तुम्ही तो मागे घेईपर्यंत नुसत्या नोटिशीमुळे तुमचा वापर थांबत नाही. परवानगी मिळाली तर नोटीस मागे पडते, नाकारली तर परत लागू होते, आणि तिथून तेवढीच मुदत पुन्हा मिळते. जो स्टे तुम्ही कोर्टात मागायला निघालायत तो कायद्याने फुकट देऊ केलाय, अट एवढीच की अर्ज मुदतीत आणि कलम 44 चा पाहिजे. खुलासा म्हणजे अर्ज नव्हे. वाढीव मुदत मागणारं पत्र म्हणजेही अर्ज नव्हे. मुदत वाढवल्याचं लेखी हातात येत नाही तोवर मुदत वाढली असं धरू नका, क्लार्क तोंडी "होऊन जाईल" म्हणाला त्याला शून्य किंमत आहे.

मुदत मोजायची कुठून, तर कायदा नोटीस बजावल्यापासून म्हणतो, म्हणजे तुमच्या बाबतीत 9 तारखेपासून. पण त्यावर भांडायची वेळच येऊ देऊ नका, 3 तारखेपासून मोजा आणि त्याच्या आत अर्ज टाका, कारण उद्या पोच कुठल्या तारखेची यावरच दोन वर्षं वाद चालेल आणि ती पोच त्यांच्या फायलीत आहे, तुमच्या नाही. ज्यांना महिन्याऐवजी 24 तासांची नोटीस येते (53 मध्ये तसाही प्रकार आहे) त्यांना तर श्वास घ्यायला वेळ नसतो. तुम्हाला महिना मिळाला होता आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस तुम्ही झेरॉक्स काढण्यात घालवलेत.

अर्ज कसा करायचा. उद्या सकाळी आर्किटेक्ट गाठा, वकील नंतर. इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, कर पावती. अर्जदार आई, तुम्ही नाही, कारण मालक त्या आहेत, सही त्यांची. प्रक्रिया ऑनलाइन असते आणि सिस्टिम कधी कधी ऐनवेळी दगा देते, त्यामुळे अपलोड झाला तरी आणि नाही झाला तरी एक छापील सेट आवक-जावकला देऊन शिक्का आणि नंबर घ्या, एक स्पीड पोस्टाने पाठवा. एखादा कागद कमी असला तर नंतर पूर्तता करता येते, मुदत गेली तर काहीच करता येत नाही. अर्जावर नोटिशीचा क्रमांक आणि "कलम 53(3) सह कलम 44 अन्वये" एवढं ठळक लिहा, नाहीतर तो तक्रारीच्या फायलीत जाऊन पडेल.

परवानगी मिळेल का? यावर मी पैज लावणार नाही. तुमच्याकडे 2020 ची एकत्रित नियमावली, यूडीसीपीआर, लागू आहे आणि तिथे निवासी भागात काय चालतं हे बरंचसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रुंद रस्त्यावरच्या तळमजल्याला वाव असतो, आतल्या गल्लीतल्या सोसायटीला फार कमी. पार्किंगचा हिशेब बदलतो, तो बसतो का हे आर्किटेक्ट सांगेल. घरच्या माणसाने घरात बसून करायच्या कामाला थोडी मोकळीक आहे, पण दोन पोरं पगारावर आणि दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा, हे त्यात बसवणं अवघड जाईल. सोसायटीची एनओसी मागतीलच, आणि "सेक्रेटरी काका चालेल म्हणाले होते" ही एनओसी नव्हे, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तक्रार करणारे त्याच सभेत बसणार आहेत हे लक्षात ठेवा आणि आत्तापासून गोड बोलायला लागा.

साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच, असं कलम 45(5) मध्ये आहे आणि एजंट लोक ते फार रंगवून सांगतात. त्याला शेपूट आहे की प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसणारा पाहिजे. नियमात बसत नसेल तर साठ काय सहाशे दिवस गेले तरी मिळत नाही. एजंटांचंच दुसरं आवडतं वाक्य, "2015 पर्यंतचं सगळं रेग्युलर होतं". ती योजना 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी होती, तुमचा स्टुडिओ 2021 चा, तिकडे पैसे घालवू नका. आणि 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझरवाला सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही मेलला जोडलाय तो पाडकामाबद्दल आहे, पंधरा दिवसांची नोटीस वगैरे. तुमचं कोणी काही पाडत नाहीये.

कोर्टाचं विचारलंत म्हणून सांगतो. दिवाणी कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला महापालिकेचे वकील कलम 149 पुढे करतील, या कायद्याखालच्या नोटिशीला दाव्यात आव्हान देता येत नाही असं ते कलम आहे. त्यातून वाटा निघतात, नाही असं नाही, नोटीस मुळातच अधिकाराबाहेरची असेल तर कोर्ट ऐकतं. पण तुमची नोटीस तशी दिसत नाही. तुरतातुरत मनाई, म्हणजे तात्पुरता स्टे, मिळाली तरी ती टिकवायची, मग म्हणणं दाखल, मग तारीख, मग साहेब रजेवर, मग समोरच्यांचे वकील बदलले. तोवर तुमची 53(3) ची मुदत केव्हाच गेलेली असते, आणि हायकोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो की कायद्याने अर्जाची सोय दिली होती ती का वापरली नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही.

मुदत गेली आणि वापर चालूच राहिला तर काय होतं हे आईंना समजावून सांगा, कारण ते त्यांच्यावर येतं. वापर बंद करायची नोटीस पाळली नाही की 53(6) खाली खटला भरता येतो, मालकावर, आणि जागा वापरणाऱ्यावरही. दोषी ठरलं तर शिक्षा किमान एक महिना ते तीन वर्षं कैद आणि 2000 ते 5000 दंड, शिवाय चालू राहील तितके दिवस रोजचा वेगळा. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं तिथपर्यंत जात नाहीत हे मान्य, पण वयस्कर बाईला आरोपी म्हणून कोर्टाच्या बाकावर बसवायचं का हे तुम्ही ठरवा.

अर्ज नामंजूर झालाच तर कलम 47 खाली शासनाकडे अपील आहे, निर्णय कळल्यापासून चाळीस दिवस. तिथेही अपील टाकलं म्हणजे आपोआप थांबलं असं समजू नका, स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि सुनावणीची तारीख लागायला जो वेळ लागतो त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, मला तिथे परत जायचंय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण ती याच्यापेक्षा महाग पडू शकते. लाईट बिल. घरगुती मीटरवर स्टुडिओ चालवताय, विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये ज्या कारणासाठी वीज दिली त्याच्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी वापरणं हा अनधिकृत वापर होतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. किती काळाची, तर जितका काळ वापर झाला तितक्या सगळ्या काळाची, आणि तो काळ ठरवताच आला नाही तर तपासणीच्या मागचे बारा महिने. आता तुमच्या खुलाशात तुम्ही हौसेने "2021 पासून" लिहिलंय आणि शॉप ॲक्टच्या पावतीवर व्यवसाय सुरू केल्याची तारीख आहेच, म्हणजे बारा महिन्यांची ढाल तुम्ही स्वतःच काढून ठेवलीत. महावितरणकडे व्यापारी दरासाठी अर्ज लगेच करा, मागचं सुटेलच असं नाही पण पुढचं थांबेल. आकारणी आलीच तर तात्पुरत्या आदेशावर लगेच हरकत द्या, अंतिम आदेश होईपर्यंत गप्प बसाल तर कलम 127 चं अपील करायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि व्यापारी मीटर आला म्हणजे जागा व्यापारी झाली असं नाही, व्यापारी दराने घरपट्टी भरली म्हणजेही नाही, हे दोन्ही गैरसमज मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतात.

बोर्डही बदला. फोटोत इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली मुंगीएवढं दिसतंय, 2022 च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही देवनागरी मराठी बोर्ड सक्तीचा आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. ज्यांनी एक तक्रार केली त्यांना दुसरी करायला कितीसा वेळ लागतो.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर अर्ज टाका आणि त्याने जो वेळ मिळेल तो लढण्यात न घालवता जवळपास एखादा दुकानाचा गाळा भाड्याने बघण्यात घालवा, शूटिंग तिकडे न्या, एडिटिंग घरीच राहू द्या. गाळा घेताना करारात "व्यावसायिक वापरासाठी" असं लिहून घ्या, तो रजिस्टर करा, आणि सही करायच्या आधी त्या गाळ्याचा मंजूर नकाशा बघा. अनेक ठिकाणी गाळा म्हणून भाड्याने देतात ते नकाशात पार्किंग असतं. हे सगळं पुढच्या महिन्यात. या आठवड्यात फक्त अर्ज, आणि पोच घेतली की तिचा फोटो मला पाठवा, खुलाशाचा नको.