इचारा ताईले : कंपनीचा फोन, कंपनीचा मेल

दिग्रस भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत फोन, मेल आणि प्रिंटर रुसला की बोलावणं मलाच येतं. त्यामुळे या वेळची पत्रं वाचताना बरेचदा वाटलं, हे तर आपल्याच ऑफिसातलं. सगळी छापणं शक्य नाही. एकाच प्रश्नाची पाच-पाच पत्रं होती, त्यातलं एकेक घेतलं.

ताई, कंपनीनं मले नवा फोन देला. नागपूरच्या आयटीवाल्यानं सांगितलं, पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा बोट मारा. मले वाटलं थट्टा करून रायला. पण खरंच क्यूआर स्कॅनर उघडला अन् मंग सारं आपोआप भरत गेलं. आता लॉक स्क्रीनवर येते, हा फोन तुमच्या संस्थेचा हाये म्हणून. बायको म्हणते, साहेबलोक तुमचं व्हॉट्सॲप वाचत असतीन. पोरीच्या लग्नाचे फोटो याच्यातच हायेत. खरंच दिसते का त्याईले?
– बियाणे कंपनीचा फील्ड ऑफिसर, पांढरकवडा

भाऊ, थट्टा नव्हती. अँड्रॉइड फोन कोरा असला, स्वागताच्या स्क्रीनवर असला, की एकाच जागी सहा वेळा टॅप केल्यावर क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो. तो क्यूआर कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीचा. तो वाचला की फोनची चावी कंपनीकडे जाते, आणि मेल, कॅलेंडर, लागणारी ॲप तिकडून येऊन पडतात. फोन एकदा वापरात आला की ही वाट बंद. म्हणून तर आयटीवाले जुना फोन असला की आधी "सगळं पुसा" म्हणतात.

आता वहिनींचा प्रश्न. कंपनीचा फोन मुख्यतः दोन तऱ्हांनी लावतात. तुमचा बहुधा पहिल्या तऱ्हेचा, म्हणजे अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात. त्यात कोणती ॲप आहेत ते कंपनीला दिसतं, नको ते ॲप काढता येतं, नियम तसे लावले असतील तर फोन कुठे आहे तेही कळतं, आणि ऑफिसात बसून सगळा फोन पुसताही येतो. व्हॉट्सॲपवरची बोलणी मात्र या व्यवस्थेतून वाचता येत नाहीत, वहिनींना एवढं सांगा. तुमच्या फोनला नेमकं काय लागू आहे ते पाहायचं तर सेटिंगच्या शोधपट्टीत 'मॅनेज्ड' लिहा. ॲडमिनला काय दिसू शकतं त्याची यादी फोन स्वतःच दाखवतो. फार थोडे लोक ती उघडतात.

दुसरी तऱ्हा वर्क प्रोफाइलची. २०१४ सालच्या अँड्रॉइड ५ पासून ती सोय आहे. एकाच फोनात दोन खण. ज्या ॲपच्या चित्रावर छोटी बॅग दिसते ती कंपनीच्या खणातली, बाकीची तुमची. कंपनी आपल्या खणात डोकावते, तुमच्या नाही. नोकरी सुटली की तेवढाच खण रिकामा करता येतो. पण फोनच कंपनीचा असेल तर पूर्ण पुसण्याचा हक्क तिच्याकडे उरतोच, हे ध्यानात असू द्या.

म्हणून लग्नाचे फोटो आजच बाहेर काढा. कोणी पाहील याची भीती नको, पण एखाद्या दिवशी पुसले जातील याची जरूर बाळगा. हरवलेला फोन पुसताना आयटीवाला आत काय आहे हे विचारायला फोन करत नाही.

आणि मेलचं तर बोलूच नका. तो फोनमध्ये दिसतो, पण राहतो कंपनीच्या सर्व्हरवर. फोन कोणत्याही तऱ्हेचा असो, स्वतःच्या पैशांनी घेतलेला असो, कंपनीच्या पत्त्यावरचा मेल ॲडमिनला उघडायचा झाला तर उघडता येतो. पीककर्जाचे कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, पोरीसाठी आलेल्या स्थळांचे बायोडाटे, आणि दुसऱ्या कंपनीत केलेला नोकरीचा अर्ज (हसू नका, आमच्याकडे एकानं हेच केलं होतं) हे सगळं घरच्या मेलवर, घरच्या फोनवर.

एक पुढचंही सांगून ठेवते. फोन परत करताना त्यात टाकलेलं स्वतःचं गुगल खातं आधी सेटिंगमधून काढा. नाही तर कोणी बटनं दाबून तो बाहेरूनच रिसेट केला की फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या जिल्ह्यात.

आमच्या जिनिंगचा मेल स्वतःच्या डोमेनचा आहे, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे आमचंच नाव, दहाएक वर्षे जुना. सकाळी गाडीत मेल वाचतो, संध्याकाळी पाहावं तर फोनमधून गायब. मुनीमजींना रागावलो तर ते म्हणतात, मी कशालाच हात लावला नाही.
– जिनिंग-प्रेसिंगचे मालक, हिंगणघाट

मुनीमजींची आधी माफी मागा. हात त्यांच्या कॉम्प्युटरनं लावला आहे.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक हे मेलचं सॉफ्टवेअर असेल आणि खातं 'पॉप' पद्धतीनं लावलेलं असेल. पॉप म्हणजे सर्व्हरवर आलेला मेल उचलायचा, आपल्या घरात आणून ठेवायचा आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण केलेली नसेल तर तिथून काढून टाकायचा. एका पेढीत एकच कॉम्प्युटर होता त्या काळी हे ठीकच होतं, सर्व्हरवर जागाही थोडीच मिळायची. तुमचा फोन मात्र 'आयमॅप'वर असणार. आयमॅप सर्व्हरवर जे आहे तेच दाखवतं. मुनीमजींनी जेवणानंतर कॉम्प्युटर सुरू केला, आउटलुकनं सगळं उचललं, तुमचा फोन रिकामा. कोणी काही केलंच नाही.

आज करायचं एवढंच : आउटलुकमध्ये खात्याच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'प्रत ठेवा'वर खूण. गायब होणं थांबेल. पण दोघांच्या वाचलेल्या-न वाचलेल्याचा मेळ तरीही बसणार नाही, कारण पॉपला ते कळतच नाही. मुनीमजींनी पाठवलेला मेल तुम्हाला फोनवर दिसायचा नाही, तुम्ही पाठवलेला त्यांना दिसायचा नाही. त्यासाठी कॉम्प्युटरही आयमॅपवर न्यावा लागतो. येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३, जाणाऱ्याचा ५८७ किंवा ४६५, दोन्हीकडे एसएसएल किंवा टीएलएस (मेल कुलूप लावून नेण्याची सोय) सुरू. सर्व्हरचं नाव डोमेन ज्याच्याकडून घेतलं तो देईल. जुनं पॉपचं खातं घाईनं डिलीट करू नका! दहा वर्षांचे सौदे फक्त त्या एका कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये आहेत. ती पीएसटी फाइल आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, आणि मगच पुढचं.

हे काम कापसाच्या आधी उरका. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, ते तुम्हाला मी काय सांगू. आणि आयमॅपवर गेलात की जागेकडे लक्ष ठेवावं लागेल. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत, म्हणून हल्ली जो तो मीटरचा फोटो मेलवर मागतो. वजनकाट्याच्या पावत्यांचेही फोटो. एकेक फोटो चार-पाच एमबीचा. सर्व्हरवरची मेलची पेटी भरली की नवा मेल तुमच्याकडे येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो, आणि तुम्हाला वाटतं व्यापाऱ्यानं पाठवलाच नाही. मुनीमजींना पुन्हा बोलणी.

संस्थेने आम्हा कार्यकर्त्यांना फोन दिले. मेल उघडताना ओटीपी मागतो. गावातल्या केंद्रात वायफाय आहे, पण मोबाइलची रेंज नाही, त्यामुळे एसएमएस येत नाही. टेकडीवर जाऊन ओटीपी घ्यायचा आणि खाली येईपर्यंत त्याची वेळ संपते.
– आरोग्य कार्यकर्ती, धारणी तालुका

मेळघाटातून याच अर्थाची बरीच पत्रं आली आहेत, आणि नियम करणाऱ्याच्या टेबलावर नेहमी चार कांड्या रेंज असते.

ताई, एसएमएसचा नाद सोडा. संस्थेच्या आयटीवाल्याला सांगा, आम्हाला ऑथेंटिकेटर ॲप लावून द्या. गुगलचं आहे, मायक्रोसॉफ्टचं आहे, दोन्ही फुकट. एकदा क्यूआर वाचून खातं जोडलं की ते ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दाखवतं, आणि त्यासाठी ना रेंज लागते ना नेट. क्यूआरमधून आलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित फोन करतो, तेच गणित तिकडे सर्व्हर करतो, उत्तर जुळलं की दार उघडतं. म्हणून फोनची वेळ बरोबर पाहिजे. कोणी हातानं दहा मिनिटं पुढे करून ठेवली असेल (बस चुकू नये म्हणून करतात लोक) तर कोड चुकीचाच येईल.

सोबत बॅकअप कोडही मागून घ्या, फोन हाताशी नसला तर खातं उघडायला. गुगल १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून घरी ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. फोन बदलायची वेळ आली तर जुना परत करण्याआधी ऑथेंटिकेटरमधली खाती नव्यात हलवा.

बिनरेंजच्या गावात जाणार असाल तर आदल्या रात्री वायफायवर जीमेल एकदा उघडून खाली ओढा. सेटिंगमध्ये किती दिवसांचा मेल फोनमध्ये ठेवायचा ते ठरवता येतं, ३० असेल तर पुरे. जोडलेल्या फाइल मात्र आपोआप उतरतीलच असं नाही, ज्या लागणार त्या उघडून फोनमध्ये सेव्ह करा. तिकडे बसून रिपोर्ट लिहा आणि बिनधास्त पाठवा दाबा. मेल आउटबॉक्समध्ये थांबतो आणि नेट मिळालं की निघतो. फोटो लहान करून जोडा. जीमेलला एका मेलला २५ एमबीची मर्यादा आहे, पण कमजोर नेटवर पाच एमबीसुद्धा रडवतात.

अॅप उघडलं तरच मेल दिसतो. नाही तर दिवसभर शांत. साहेब म्हणतात, तू मुद्दाम पाहात नाहीस.
– बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीतील कर्मचारी, उमरखेड

बॅटरी वाचवायच्या नादात बरेच अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतात. मेल ॲपच्या माहितीत जा, बॅटरीमध्ये 'निर्बंध नाही' निवडा, 'ऑटोस्टार्ट' दिसत असेल तर सुरू करा, डेटा सेव्हर लावला असेल तर या ॲपला सूट द्या. खात्याचं सिंक बंद नाही ना तेही पाहा. साहेबांना हा परिच्छेद दाखवायला माझी परवानगी आहे.

आमच्या कंपनीच्या मेलवर बारदान्याच्या व्यापाऱ्याचा मेल आला, 'आमचे बँक खाते बदलले, यापुढे या खात्यात पैसे टाका'. नाव त्यांचेच, खाली सहीपण त्यांचीच. टाकावे का?
– शेतकरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष, कारंजा लाड

टाकू नका. फोनच्या छोट्या स्क्रीनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, आणि नाव कोणीही काहीही लिहू शकतो. नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवा, पूर्ण पत्ता उघडेल. एखादं अक्षर बदललेलं सापडेल. पण पत्ता तंतोतंत बरोबर असला तरी निश्चिंत होऊ नका, कारण व्यापाऱ्याची पेटीच चोराच्या हाती गेलेली असू शकते. त्या मेलला उत्तर देऊन विचारू नका, उत्तर चोरच देईल. मेलमध्ये दिलेल्या नंबरवरही नको. तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर व्यापाऱ्याला फोन लावा, आवाज ओळखा, मग बोला.

पैसे गेलेच असतील तर आत्ता, हे वाचणं थांबवून, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा.

आपलीही पेटी तपासा. चोर आत शिरला की बिलाचे मेल गुपचूप आपल्याकडे वळवण्याचा नियम लावून ठेवतो. तो जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये दिसत नाही, कॉम्प्युटरवर सेटिंग उघडून 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' पाहावं लागतं.

एसटीत कंपनीचा फोन राहून गेला. आधी पोलिसात जाऊ की ऑफिसला सांगू?
– विक्री प्रतिनिधी, पुसद

आधी ऑफिस, कोणाच्याही फोनवरून. आयटीवाला तुमचं खातं सर्व्हरवरून लॉगआउट करेल आणि फोन पुसायचा हुकूम सोडेल. तो हुकूम नेटवरून जातो, म्हणून सिम त्यानंतर बंद करा. मग डेपोत चौकशी, फोन नाहीच मिळाला तर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत जोडून संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक. हा क्रम उलटा केला आणि फोन आधीच ब्लॉक झाला, तर पुसायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचायचा कसा? ज्यांचा हरवलेला नाही त्यांनी *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आजच ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहावा.

साहेब रात्री अकराला मेल टाकतात. घंटी वाजली की घरचे वैतागतात. कायद्यानं हे बंद करता येते काय?
– नाव छापू नये, दारव्हा

कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. फोन वर्क प्रोफाइलचा असेल तर वरून पट्टी ओढा, बॅगचं चिन्ह दाबा, कंपनीचा अख्खा खण झोपतो. सकाळी पुन्हा दाबा. तसा नसेल तर मेल ॲपची फक्त घंटी बंद करा. आणि साहेब बरे असतील तर त्यांना दाखवा : जीमेलमध्ये पाठवायच्या बाणाशेजारी तीन टिंबं आहेत, त्यात 'शेड्यूल सेंड' आहे. लिहायचं त्यांनी अकरालाच, जाऊ द्यायचं सकाळी नऊला. साहेब बरे नसतील तर घंटीच बंद करा.