आजीला सांगितलेले चौऱ्याऐंशी

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

मामाच्या हाती पाठवलेला पेपर आणि चिठ्ठी मिळाली. प्रगतीपुस्तकावर आजीचा अंगठा घेताना तू गणितातल्या ५४ चे ८४ सांगितलेस. आजीने ते रात्री फोनवर तुझ्या बापाला सांगितलं आणि तिकडे कारखान्यावर ऊसतोडीच्या कोपीत, त्या झोपडीत, साखर वाटली म्हणे. आता तुला झोप नाही. त्याचं शेवटी बघू. आधी हे ५४ बघू, कारण त्यांची लाज वाटून घेतलीस खरी, पण ते उलगडून पाहिलेच नाहीस.

त्यातले १९ अंतर्गत मूल्यमापनाचे. वह्या पूर्ण असल्या की ते आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनाच पडतात. मीही नोकरीभर हात सैल सोडूनच दिले. उरले ८० पैकी ३५. भाग १ म्हणजे बीजगणितात २४, भाग २ म्हणजे भूमितीत ११. म्हणजे ‘मला गणितच येत नाही’ हे चिठ्ठीतलं वाक्य खोटं. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना तू एकदाही चुकली नाहीस. अडलंय ते भूमितीत.

मग भूमितीचाच पेपर घेऊन बसले. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका काढायच्या होत्या. तुझ्या आकृतीला पट्टी लावली तर एक भरली ५.२ सेंमी, दुसरी ४.७. बाहेरच्या बिंदूपासून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे विधान तूच त्याच पेपरात मागच्या पानावर लिहिलंयस! नीट पाहिलं तेव्हा कळलं, मध्यबिंदूवरून फिरवलेलं दुसरं वर्तुळ जिथून निघालं तिथे येऊन मिळतच नाही. थोडी फट राहिली आहे. रीत बरोबर होती गं, कंपासचा स्क्रू सैल होता. फिरवता फिरवता पेन्सिल सरकली. सुरीच्या टोकाने स्क्रू आवळ आणि पेन्सिलीला कागदाची घडी गुंडाळून घट्ट बसव.

प्रमेयाचं मात्र दुखणं वेगळं. विधान लिहून तू थांबलीस. आकृती नाही, पक्ष नाही, साध्य नाही. सिद्धता पुरी येत नसली तरी येते तिथपर्यंत लिहावी, पायरीपायरीला गुण असतात. कोऱ्या जागेला तपासणारा काय देणार?

आणि वर्गात विचारत का नाहीस? ‘कळलं का?’ म्हटलं की सगळा वर्ग लांबलचक ‘होऽऽ’ म्हणतो. त्या ‘हो’त किती जण खरे असतात ते फळ्याजवळच्या माणसाला ठाऊक असतं. तरी त्या ‘हो’वर मी वर्षानुवर्षं धडे पुढे ढकलले. पोरी हसतील म्हणून गप्प बसतेस, तर मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात जाऊन उभी राहा. सरांचा डबा उघडायच्या आत मात्र जा.

लातूरला क्लास लावलेल्या चुलतभावाबद्दल मी काही लिहीत नाही. तुझी पावणेसातची एसटी त्याला पकडायची नाही.

मैत्रीण म्हणते, दहावीला सहा विषयांतले चांगले पाचच धरतात, गणित कमी पडलं तरी ५०० पैकी टक्केवारीला धक्का नाही. हिशेब बरोबर आहे तिचा. पण तुला पॉलिटेक्निकला जायचंय ना? तिथे पहिल्याच वर्षी गणित दारात उभं असतं.

राहिलं चिठ्ठीतलं ‘आपलं परीक्षेचं सेंटर सैल आहे’ हे. भरारी पथक आलं की खिडकीतून चिठ्ठ्यांचा पाऊस थांबतो, गेलं की पुन्हा सुरू, हे मी आतून पाहिलंय. श्रीकर परदेशी नांदेडला जिल्हाधिकारी असताना त्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम जोरात राबवली होती. तेव्हा स्टाफरूममध्ये आम्हीच कुरकुरत होतो, निकाल पडेल म्हणून. एका केंद्रावर पर्यवेक्षक असताना दगडाला गुंडाळलेली चिठ्ठी माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती चपलेने बाकाखाली सरकवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मुलीने उचलली, भराभर उतरवली. पेपर गोळा करताना पाहिलं तर विचारलं होतं पायथागोरसचं प्रमेय आणि चिठ्ठीत होतं समरूपतेचं. तिने ते अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं होतं. त्या मुलीपेक्षा त्या चपलेची मला अजून जास्त लाज वाटते.

तर आता आजी. तिला आज रात्रीच खरं सांग. दोन दिवस बोलणार नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच भाकरी वाढेल. बापाला फोन तू कर, आजीच्या तोंडून नको. गाडी भरून झाल्यावर कर, मोळ्या बांधताना नको. ५४ असा मोघम आकडा सांगू नकोस. १९, २४ आणि ११ असे तोडून सांग, आणि ११ कुठे का अडकले तेही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब तोंडपाठ ठेवणारा माणूस आहे, त्याला असा फोडून सांगितलेला आकडा लगेच कळतो.

मामाच्या हाती माझा जुना पितळी कंपास पाठवतेय. पुढच्या रविवारी स्पर्शिकेच्या तीन रचना काढून पाठव. पट्टी लावूनच बघणार आहे. आणि कंपास परत करायचाय, निकालानंतर.

तुझी,
बाई